तक्रार घेऊन पोलिसांकडे गेलेला म्युनिकचा वकील

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून नेहमीची बाचाबाची चालली होती. तेवढ्यात एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं, "या देशाला पाच वर्षं एक हिटलर पाहिजे, सगळे सुतासारखे सरळ होतील." दहा मिनिटांत खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात दोन शिक्षक आणि एक वकील. वकिलांचा अंगठा बघून डोक्यात तिडीक गेली, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, पण आज आवरतं घेणार नाही.

वकीलसाहेब, तुमच्याच व्यवसायातल्या एका माणसाबद्दल सांगते. मिखाएल झीगल. जर्मनीतल्या म्युनिकमधला नावाजलेला ज्यू वकील, वय पन्नास. १० मार्च १९३३ ला तो पोलीस मुख्यालयात गेला. त्याचा अशील मॅक्स उलफेल्डर, शहरातल्या एका मोठ्या दुकानाचा मालक, नाझींच्या तावडीत सापडला होता. त्याच्या वतीने रीतसर तक्रार द्यायला झीगल गेला होता. वकील जसा जातो तसाच, कोट घालून, कागद घेऊन. हिटलर चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, होऊन तेव्हा चाळीस दिवसही झाले नव्हते, आणि आदल्याच दिवशी म्युनिकचे पोलीस एसएस या नाझी पथकाचा प्रमुख हिमलर याच्या ताब्यात गेले होते. झीगलला तळघरात पाठवलं. तिथे एसएचे, म्हणजे नाझी पक्षाच्या खाजगी सेनेचे, तपकिरी शर्टवाले होते. त्यांनी त्याला मारलं, दात पाडले, कानाचा पडदा फाडला, पँट गुडघ्यापर्यंत कापली, बूट-मोजे काढले आणि गळ्यात पाटी अडकवली. पाटीवरच्या मजकुराचा आशय असा की यापुढे मी पोलिसांकडे कधीही तक्रार करणार नाही. मग त्याला म्युनिकच्या भर रस्त्यांतून अनवाणी फिरवलं.

हाइनरिख झांडेन नावाच्या फोटोग्राफरने याचे दोन फोटो काढले. जर्मनीत ते कोण छापणार? अमेरिकेत छापून आले, २३ मार्चला, 'वॉशिंग्टन टाइम्स'मध्ये. फोटो नीट बघा. शेजारून चालणारे तरुण मजेत आहेत. मागचे लोक आपापल्या वाटेने चाललेत. झीगल मान वर करून चालतोय.

"सरळ करणं" म्हणतात ते हे.

"पण तो निवडून आला होता" हे ग्रुपवर एकाने लगेच लिहिलंच. त्याचा पक्ष सर्वांत मोठा होता, हे खरं. पण पूर्ण बहुमत त्याला कुठल्याही मुक्त निवडणुकीत मिळालं नाही. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के मतं आणि २३० जागा. नोव्हेंबर १९३२ मध्ये ती घसरून ३३.१ टक्के आणि १९६ जागा. पक्ष उतरणीला लागला होता, तिजोरी रिकामी होती. तेव्हा माजी चान्सेलर फॉन पापेन आणि त्याच्या उच्चभ्रू मंडळींनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या गळी उतरवलं की याला चान्सेलर करू, मंत्रिमंडळात नाझी तिघेच ठेवू, बाकी आपली माणसं असतील, हा आपल्या मुठीत राहील. ३० जानेवारी १९३३ ला त्याला असं बसवलं. ते तिघे म्हणजे हिटलर, फ्रिक आणि गोरिंग. फ्रिककडे देशाचं गृहखातं आणि गोरिंगकडे प्रशियाचं, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याचे पोलीस. आपल्याकडे कुठल्याही ग्रामपंचायतीत वावरलेला माणूस सांगेल, की बाकी सगळी खाती दिली तरी चालतील, पण ही दोन कुणाला देतोय ते आधी बघावं.

२७ फेब्रुवारीच्या रात्री संसदेची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला. अवघी सहा कलमं, एका पानाचा ऐवज. पहिल्याच कलमात राज्यघटनेतली सात मूलभूत कलमं स्थगित केली होती. अटकेपासूनचं संरक्षण, घराची झडती, पत्रांची आणि टेलिफोनची गुप्तता, भाषणस्वातंत्र्य, सभा, संघटना, मालमत्ता, सगळं एका वाक्यात संपलं. कारण दिलं होतं कम्युनिस्टांच्या हिंसेपासून बचाव. मुदत दिली होती "पुढील आदेशापर्यंत". तो पुढील आदेश बारा वर्षांत आला नाही.

या एका पानातून 'संरक्षक कोठडी' जन्माला आली. आरोपपत्र नाही, न्यायाधीश नाही, सुटकेची तारीख नाही. पोलिसांनी सही केली की माणूस आत. कोर्टाने निर्दोष सोडलेल्या माणसाला कोर्टाच्या दारातच पुन्हा उचलता येत होतं आणि उचललंही जात होतं. त्यासाठी जागा हवी म्हणून २२ मार्चला म्युनिकशेजारी डाखाऊची छावणी सुरू झाली. लपूनछपून नाही, वर्तमानपत्रात बातमी देऊन.

झीगल तक्रार घेऊन गेला तेव्हा हा वटहुकूम दहा दिवसांचा होता. ज्या हक्कांच्या भरवशावर तो त्या दारात शिरला, ते आधीच निघून गेले होते. वकीलसाहेब, तुम्ही रोज ज्याच्या जोरावर कोर्टात उभे राहता, तेच ते.

मग २३ मार्च. झीगलचा फोटो अमेरिकेत छापला गेला त्याच दिवशी, बर्लिनच्या क्रोल ऑपेरा हाउसमध्ये संसद भरली. आत आणि बाहेर एसए-एसएसची माणसं उभी. पाच कलमांचा कायदा मांडला. सरकारला संसदेशिवाय कायदे करता येतील आणि ते घटनेशी विसंगत असले तरी चालतील. दोन तृतीयांश मतं लागत होती. कम्युनिस्टांच्या ८१ खासदारांपैकी एकालाही सभागृहात येता आलं नाही, ते तुरुंगात होते किंवा भूमिगत. सोशल डेमोक्रॅटांचे १२० पैकी २६ असेच बाहेर. गैरहजेरीमुळे गणपूर्ती अडू नये म्हणून नियमच असा बदलला, की विनापरवानगी गैरहजर असलेला सदस्य हजर धरायचा. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने तोंडी आश्वासनावर विश्वास ठेवून होकार दिला. ४४४ विरुद्ध ९४. विरोधात बोलायला एकटा सोशल डेमोक्रॅटांचा नेता ओटो वेल्स उभा राहिला. खिशात विषाची गोळी ठेवून तो आला होता असं सांगतात. ते खरंखोटं काहीही असो, ते ९४ जण दारातल्या बंदुकांसमोरून आत गेले आणि त्यांनी 'नाही' म्हटलं. मला त्या ९४ जणांपुढे मनापासून वाकावंसं वाटतं.

बरं, रस्ते बांधले आणि बेकारी कमी झाली, हेही मान्य. मंदी ओसरत होतीच. कोलोन-बॉन हा पहिला मोटाररस्ता हिटलर येण्याआधी, १९३२ मध्ये खुला झाला. बेकारांच्या आकड्यातून नोकरीवरून काढलेले ज्यू आणि घरी बसवलेल्या बायका गळल्या, १९३५ पासून सक्तीची लष्करभरती आली, बाकीचे शस्त्रांच्या कारखान्यात. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह जर्मनीवर जाचक होता, तेही मान्य. पुढे बोलू.

कारण मला मुद्दा वेगळाच सांगायचाय. ज्यूंच्या छळाची सुरुवात गॅस चेंबरने झाली असं आपण धरून चालतो. म्हणून "आपल्याकडे तसं थोडंच होणार आहे" म्हणायला मोकळे होतो. सुरुवात झाली ती खिडकीवरच्या कारकुनाने "नियम आहे" म्हणण्यापासून, आणि त्या नियमाविरुद्ध दाद मागायला कुठेच जागा न उरण्यापासून. झीगलला त्या तळघरातून बाहेर काढताना सगळ्या म्युनिकला हेच तर दाखवलं गेलं.

क्रम बघा. १ एप्रिल १९३३, शनिवार. ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, दारात एसएचे पहारेकरी. ७ एप्रिलला नोकरशाहीचा कायदा, त्यात आर्य नसलेल्या सरकारी नोकरांना निवृत्त करायचं. नाव काय दिलं होतं, तर "व्यावसायिक नोकरशाहीची पुनर्स्थापना". आर्य नसलेला म्हणजे कोण, ते ११ एप्रिलच्या नियमावलीत सांगितलं. आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असला तरी पुरे. हिंडेनबुर्गच्या आग्रहामुळे पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना आणि १९१४ पूर्वीपासून सेवेत असलेल्यांना सूट मिळाली. वकिलांनाही तशीच सूट होती. त्यामुळे पुष्कळ ज्यू वकील, खुद्द झीगलही, अजून काही वर्षं काम करत राहिले, आणि "बघा, नाकासमोर चालणाऱ्यांना कुणी हात लावत नाही" असं म्हणायची सोय झाली. २५ एप्रिलला शाळा-कॉलेजांचा कायदा, नव्या प्रवेशांत ज्यूंचं प्रमाण दीड टक्क्याच्या वर नको.

एकेका नियमाने किती जागा रिकाम्या झाल्या असतील? त्या भरल्या कोणी? विद्यापीठातलं अध्यासन, हॉस्पिटलमधला विभागप्रमुख, वकिलाची वर्षानुवर्षांची अशिलं. ज्यांना बढती मिळाली त्यांनी कुणाला मारलं नाही, कुणाला शिवीही दिली नाही. फक्त रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. मला याच लोकांचा जास्त राग येतो.

"ज्यूंनी सगळा देश गिळला होता" हेही आज वाचलं. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू होते सुमारे पाच लाख. लोकसंख्येच्या एक टक्काही नाही.

१५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेंबर्गचे कायदे झाले. नागरिकत्व गेलं, ज्यू आणि 'जर्मन रक्त' यांच्यातलं लग्न गुन्हा ठरलं. ४५ वर्षांखालची जर्मन मोलकरीण ज्यूच्या घरी ठेवायची नाही, इतक्या बारकाईने. १४ नोव्हेंबरच्या नियमावलीत व्याख्या बदलली, तीन आजी-आजोबा ज्यू असतील तर तो ज्यू. आता आजोबा ज्यू होते हे ठरवायचं कसं? रक्त तपासून काही कळत नाही, ते त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून आजोबांचं नाव ज्यू धर्मसंस्थेच्या दप्तरात आहे का ते बघायचं. वंशाचा एवढा मोठा डोलारा उभा होता तो जुन्या धार्मिक नोंदवह्यांवर. चर्चमधले पाद्री बाप्तिस्म्याचे उतारे काढून देऊ लागले, कोट्यवधी जर्मनांनी आपापल्या वंशावळीच्या पुस्तिका भरल्या. हे काम मारझोड करणाऱ्या गुंडांचं नव्हतं, सुवाच्य अक्षर असलेल्या माणसांचं होतं.

"मग ते निघून का गेले नाहीत?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि दर वेळी त्रास होतो. अर्ध्याहून जास्त गेले. जाणं म्हणजे काय होतं ते सांगते.

समजा १९३८ साल आहे. आधी कुठल्यातरी देशाचा व्हिसा हवा. जुलै १९३८ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावर फ्रान्समधल्या एव्हियांला ३२ देश जमले, सगळ्यांनी सहानुभूती दाखवली, आणि डोमिनिकन रिपब्लिक वगळता कुणी दार उघडलं नाही. व्हिसासाठी पासपोर्ट हवा. ऑक्टोबरपासून त्यावर लाल 'जे'चा शिक्का, 'जे' म्हणजे ज्यू. पासपोर्टसाठी कर कार्यालयाचा आणि नगरपालिकेचा "काही येणं बाकी नाही" असा दाखला हवा. त्यासाठी देशत्याग कर भरायचा, मालमत्तेच्या २५ टक्के. हा कर हिटलरने आणलेला नाही, १९३१ मध्ये लोकशाही सरकारने भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून आणला होता, तेव्हा दोन लाख मार्कांच्या वरच्यांना. १९३४ मध्ये ती मर्यादा पन्नास हजारांवर आणली आणि मध्यमवर्गीय त्यात सापडला. उरलेले पैसे गोठवलेल्या खात्यात. ते परकी चलनात बदलून घ्यायचे तर सरकारी बँक कापून घेणार, आणि ही कपात दर वर्षी वाढत गेली. सप्टेंबर १९३९ पर्यंत शंभर मार्कांमागे हातात जेमतेम चार. खिशात रोख दहा मार्क न्यायची परवानगी.

मग सामानाची यादी, अनेक प्रतींत. चमचे, चादरी, मुलांचे मोजे, सगळं. प्रत्येक वस्तू १९३३ आधी घेतलेली, नंतर घेतलेली की परदेशी जाण्यासाठी नवी घेतलेली, ते वेगवेगळं लिहायचं. नव्या वस्तूंवर वेगळा दंड, कधी किमतीइतकाच. सामान भरताना जकात अधिकारी घरात उभा. आणि घोडं पेंड खायचं ते मुदतींवर. कर दाखल्याला मुदत, व्हिसाला मुदत, बोटीच्या तिकिटाला तारीख. व्हिसा हाती येईपर्यंत दाखला संपलेला, दाखला नवा करून आणेपर्यंत बोट सुटलेली. पुन्हा पहिल्या खिडकीवर. यातल्या प्रत्येक खिडकीमागचा माणूस सांगत होता की मी फक्त माझं काम करतोय.

म्हातारी माणसं यात मागे राहिली. मुलाला व्हिसा मिळाला, आईला नाही. निघताना काय बोलले असतील ते दोघं, मला कल्पना करवत नाही.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, साडेसात हजारांच्या आसपास दुकानं फोडली, सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेनच्या छावण्यांत नेलं. हे बहुतेकांना माहीत असतं. १२ तारखेची बैठक माहीत नसते. गोरिंग अध्यक्ष, विमा कंपन्यांचा प्रतिनिधी समोर. फुटलेली काच बरीचशी बेल्जियमहून आलेली, म्हणजे नव्या काचेला परकी चलन लागणार. तेव्हा गोरिंग उखडला. एवढ्या मालाची नासधूस करण्यापेक्षा दोनशे ज्यू मारले असतेत तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला, आणि बैठकीच्या लघुलिपीतल्या इतिवृत्तात ते नोंदलेलं आहे. ठरलं काय? विम्याचे पैसे सरकारजमा. दुरुस्ती ज्यूंनी स्वखर्चाने करायची. वर एक अब्ज मार्कांचा दंड, तोही ज्यूंनाच. कुणाकडून किती, हे कळायला अडचण आली नाही, कारण एप्रिलमध्येच पाच हजार मार्कांवरच्या सगळ्या ज्यू मालमत्तेची नोंद फॉर्म भरून घेतली होती. प्रामाणिकपणे फॉर्म भरणाऱ्यांची सगळी माहिती त्यांच्याकडे तयार होती.

डॉक्टरांचे परवाने ३० सप्टेंबरला गेले होते. वकिलांचे ३० नोव्हेंबरला गेले. झीगलचाही. आघाडीवर लढलेल्यांची सवलत, १९१४ ची सवलत, सगळ्या सवलती संपल्या. १ जानेवारी १९३९ पासून, ज्याचं नाव सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीत नाही अशा प्रत्येक ज्यू पुरुषाच्या नावात 'इस्राएल' आणि बाईच्या नावात 'सारा' जोडणं सक्तीचं.

सप्टेंबर १९४१ मध्ये पिवळा तारा. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने, डाव्या छातीवर, तळहाताएवढा, पक्का शिवलेला. तोही विकत घ्यायचा, एकाला दहा फेनिश.

आणि मग गाड्या. आधी सोळा पानी फॉर्म, त्यात घरातली प्रत्येक वस्तू लिहून सही करायची. गॅस-विजेचं बिल चुकतं करायचं. किल्ली जमा करायची. पन्नास किलोची बॅग. रेल्वेने या माणसांचं तिसऱ्या वर्गाचं भाडं लावलं, चारशेच्या वर माणसं असतील तर गटाची सवलत, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखाली फुकट. आपण सहलीला जाताना विचारतो तसले हे दर. मागे राहिलेली भांडी, कपाटं, पलंगपोस यांचे लिलाव झाले आणि शेजारच्यांनी बोली लावल्या.

म्युनिकहून पहिली गाडी २० नोव्हेंबर १९४१ ला निघाली. सुमारे एक हजार माणसं, त्यात लहान मुलं. लिथुआनियात काउनासला नेलं. २५ नोव्हेंबरला नवव्या किल्ल्यावर सगळ्यांना गोळ्या घातल्या. त्याच २५ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये नियम निघाला, की जो ज्यू देशाबाहेर राहतो त्याचं नागरिकत्व आणि मालमत्ता आपोआप संपते. युरोपभरात एकूण साठ लाख ज्यूंना त्यांनी मारलं.

झीगल त्या गाडीत नव्हता. त्याने १९३९ मध्ये मुलांना इंग्लंडला पाठवलं, आणि १९४० मध्ये बायकोबरोबर सैबेरिया, जपान असं पृथ्वीला वळसा घालून पेरूला पोहोचला. १९७९ मध्ये तिथेच, लिमा शहरात, वारला. वाचला, म्हणून त्याची हकीकत आपल्याला कळली.

आता म्हणाल, हे सगळं तिकडचं, युरोपातलं. "हिटलर तर भारताच्या बाजूचा होता", हेही सकाळी कुणीतरी लिहिलंच. त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की भारतावर इतर कुणापेक्षा इंग्रजांचंच राज्य असलेलं त्याला बरं वाटेल. ते पुस्तक आपल्या फुटपाथवर ढिगाने मिळतं, वाचतं कोण देव जाणे. आणि ज्यू म्हणजे कुणी परके नव्हेत हो. अलिबाग-नवगावच्या शनवार तेल्यांनी, म्हणजे आपल्या बेने इस्रायल ज्यूंनी, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घाणे चालवले, शनिवार पाळला, मराठीत कीर्तनं केली. त्यांना कुणी कधी आजोबांचा दाखला मागितला नाही.

हिटलरपासून पळालेलेही आपल्याकडे आले. मुंबईत १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली, निर्वासितांच्या निर्वाहाची हमी ती घ्यायची. आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमन त्याच वर्षी मुंबईत उतरले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध लागल्यावर इंग्रजांनी जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रू म्हणून पकडलं, त्यात नाझी आणि ज्यू दोघेही अहमदनगरच्या एकाच छावणीत. घोर अन्याय होता तो. पण तिथे एक चौकशी समिती बसली. तिने प्रकरणं एकेक करून तपासली, आणि बऱ्याच ज्यूंना काही महिन्यांत सोडलं. १९४० मध्ये काहींना पुन्हा धरलं, काही कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्यात ठेवलं. इंग्रजांचं कौतुक करायची मला अजिबात हौस नाही. पण त्या माणसांना "मी नाझी नाही, मी त्यांच्यापासून पळून आलोय" एवढं सांगायला समोर कुणीतरी बसलं होतं. म्युनिकला ते तळघरात संपलं होतं.

नगर, पुरंदर किंवा साताऱ्याच्या त्या छावण्यांबद्दल कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांनी काही सांगितलेलं असेल, तिथे कुणी दूध, भाजी पुरवलेली असेल, तर खाली नक्की लिहा. या भागावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय, आणि सांगणारे आता राहिले नाहीत.